कार्ब्युरेटरमधील कचरा आणि त्याचे मूळ

यंत्र चालून झिजते, हे सर्वांस ठाऊक असते. ते पडून राहिल्यानेही बिघडते, हे मात्र पुष्कळदा दुरुस्तीचे बिल हाती आल्यावरच कळते. पाण्यावर धावणारी वॉटर स्कूटर हे याचे उत्तम उदाहरण होय. कावासाकी कंपनीने 1973 मध्ये असे वाहन ‘जेट स्की’ या नावाने बाजारात आणले आणि पुढे त्या जातीच्या सर्वच वाहनांना लोक त्याच नावाने ओळखू लागले. अलीकडच्या वाहनांत इंधन-इंजेक्शनची पद्धत असते. परंतु 1990 च्या दशकातील बहुतेक वाहने टू-स्ट्रोक इंजिनाची व कार्ब्युरेटरची होती. ती आजही जुन्या बाजारात अल्प किमतीत मिळतात, म्हणून घेतलीही जातात.

अमेरिका-कॅनडातील सरोवरांवर ही वाहने हिवाळाभर झाकून ठेवतात. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जलक्रीडा बंद असते. दोन्हीकडे महिनोन्‌महिने पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये पडून राहते. त्यातील हलका भाग उडून जातो आणि चिकट राळेसारखा थर मागे राहतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असल्यास ते हवेतील ओलावाही शोषून घेते. कार्ब्युरेटरमधील काही छिद्रे एक मिलिमीटरहूनही लहान असतात. ती बुजण्यास किती कचरा लागणार?

हानी मात्र मोठी होते. पेट्रोल कमी आणि हवा अधिक झाली की सिलिंडरमधील उष्णता वाढते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून वापरले जात असेल, तर वंगणही तेवढेच घटते. परिणामी पिस्टन जळतो किंवा इंजिन जाम होते, तेही किनाऱ्यापासून दूर. दोन कार्ब्युरेटरच्या वाहनात फसगत अधिक होते. एक बुजला तरी दुसऱ्याच्या बळावर इंजिन चालत राहते, आणि कोरडा पडलेला सिलिंडर निमूटपणे तापत जातो. इंजिन जागेवर नीट चालते, पण वेग देताच अडखळते, हे लक्षण दिसले की वाहन पाण्यात नेणे थांबवावे. सफाई करावयाची ती दोन्ही कार्ब्युरेटरची एकदमच.

काम उघड्या जागी करावे, आसपास ज्योत वा ठिणगी नसावी आणि बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. नळ्या काढण्यापूर्वी प्रत्येकीवर खूण करावी व छायाचित्र घ्यावे. मिश्रणाचे स्क्रू काढण्याआधी ते हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवून किती फेरे झाले ते कागदावर लिहून ठेवावे. जुळणी करताना तीच नोंद उपयोगी पडते. यांतील बऱ्याच कार्ब्युरेटरना मोटारसायकलप्रमाणे पेट्रोलची वाटी नसते. वाहन कलंडले तरी पुरवठा चालू राहावा म्हणून तेथे रबरी पडदा व सुईची झडप असते. पडदा ताठरला असेल तर केवळ धुण्याने भागत नाही. पडदे, गॅस्केट, सुई यांचे नवे किट घालावे.

जेटमध्ये तार घालून कचरा टोचू नये. छिद्र तसूभर जरी मोठे झाले तरी मोजमाप कायमचे बिघडते. सफाईचे द्रावण सोडावे, हवा मारावी आणि जेट उजेडासमोर धरून पाहावा. आतील पातळ प्लास्टिकच्या चकत्यांवर मात्र जोराची हवा मारू नये, त्या दुमडतात. सुईची झडप ठरावीक दाबालाच उघडते की नाही, हे लहान हातपंप व दाबमापक लावून तपासावे. तो दाब प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

येथवर काम पुष्कळ जण नेटके करतात. चूक होते ती पुढे. कार्ब्युरेटरमधील कचरा कार्ब्युरेटरमध्ये जन्मत नाही. तो कोठून तरी येतो. त्या काळातील काही वाहनांत राखाडी रंगाच्या पेट्रोलनळ्या असत. त्या आतून विरघळून हिरवट चिकट पदार्थ सोडतात आणि तो कार्ब्युरेटरमधील बारीक जाळीवर साचतो. जाळी धुतली, पण नळी तशीच ठेवली, तर पुढील हंगामात तोच खर्च पुन्हा येणार. रोजमेळातील फरक किरकोळ खर्चात टाकून मिटविला, तर ताळेबंद जुळतो, गळती थांबत नाही. तसेच हे आहे. यास्तव नळ्या, पेट्रोलचा कॉक, फिल्टर आणि टाकीचा तळ हे सर्व तपासल्याविना काम पुरे झाले असे मानू नये. ऑइल पंपाची नळी सुटली असेल तर तिच्यातील हवाही काढून टाकावी.

जोडणीनंतर प्रथम गळती पाहावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने वाहनाच्या तळाशी साचते; म्हणून आसन उघडून हवा खेळू द्यावी, वास नाही याची खात्री करावी, मगच स्टार्टर दाबावा. किनाऱ्यावर नळाच्या पाण्यावर चाचणी घेताना बहुतेक वाहनांत आधी इंजिन सुरू करून मग पाणी सोडावयाचे असते, आणि थांबविताना आधी पाणी बंद करून मग इंजिन. क्रम उलटला तर पाणी इंजिनात शिरू शकते.

जुने वाहन स्वस्तात घेणाऱ्याने किमतीतच नव्या नळ्या, दोन किट व मिस्त्रीची मजुरी धरावी आणि मगच सौदा स्वस्त की महाग ते ठरवावे. हंगाम संपताना टाकीत पेट्रोल टिकविणारे रसायन घालून इंजिन काही मिनिटे चालवावे, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचते. अथवा पेट्रोल काढून टाकावे. तासाभराचे हे काम केले, तर पुढील हंगामाच्या आरंभी वाहन मिस्त्रीच्या दारात नव्हे, पाण्यावर असेल.