चढाला गाडी का दमते?

दोस्तांनो, आजची गोष्ट आहे एका दमलेल्या गाडीची, चार मुलींची आणि तुमच्या बाईंच्या चुकलेल्या अंदाजाची!

आमच्या शाळेतल्या चौघीजणी पेणला प्रश्नमंजुषेसाठी निवडल्या गेल्या. सकाळी साडेआठला हजर राहायचं होतं आणि गावातली पहिली एस.टी. त्या वेळेला पोचत नाही. मी म्हटलं, "माझी जुनी गाडी आहे की! तिनेच जाऊ." आधी एकदा जागा बघून यावी, म्हणून आदल्या शनिवारी आम्ही निघालो. अलिबाग ते पेण सुमारे ३० किलोमीटर. सपाटीवर गाडी अगदी शहाण्या मुलासारखी चालली. पण कार्ले खिंडीचा चढ लागला आणि तिचा आवाजच बसला. तिसरा गिअर, मग दुसरा, शेवटी पहिला! मागे ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, आत मुली चिडीचूप. कशीबशी गाडी कडेला घेतली, तेव्हा माझे हात थरथरत होते.

"बाई, वर हवा विरळ असते ना? म्हणून असेल," एक मुलगी म्हणाली.

अंदाज हुशारीचा होता. समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर गेलं, की साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण एक दशांशाने घटते. पण आमची खिंड म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे! एवढ्याशा उंचीने गाडीला धाप लागणार नाही. पेण राहिलंच, आम्ही हळूहळू घरी परतलो.

गावात सल्ल्यांना काय तोटा? "क्लच गेला." "इंजिन उतरवावं लागणार." "विकून टाका हो!" मलाही क्लचच वाटत होता. मनातल्या मनात मी पगाराचा हिशेबसुद्धा मांडून टाकला. स्पर्धेला आठच दिवस उरले होते.

गॅरेजवाल्या काकांनी मात्र पान्याला हात न लावता आधी प्रश्न विचारला. "बाई, चढावर इंजिन जोरात ओरडत होतं आणि गाडी सरकत नव्हती, की इंजिनाचाच आवाज खाली जात होता?"

"इंजिनाचाच."

"मग क्लच नाही. क्लच घसरला तर इंजिन गरगर फिरतं, पण ताकद चाकापर्यंत पोचत नाही."

मग त्यांनी थोडी गाडी चालवून चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. ब्रेक अडकून राहिला असेल तर ते चाक तापतं. एकही चाक तापलेलं नव्हतं. टायरमधली हवाही ठीक होती.

"आता इंजिनाच्या जेवणाखाण्याची चौकशी करू," काका हसून म्हणाले. पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल, ठिणगी आणि आत भरलेल्या मिश्रणावर नीट दाब. यातलं सोपं आणि स्वस्त ते आधी तपासायचं. एअर फिल्टर काढला. त्यात आपली तांबडी धूळ होती, पण श्वास कोंडण्याइतकी नाही. स्पार्क प्लग स्वच्छ होते. मग पेट्रोलचा फिल्टर काढून त्यातलं पेट्रोल डब्यात ओतलं. ते चहासारखं तपकिरी! तळाशी गंजाचा गाळ.

चोर सापडला! पण गंज आला कुठून? गाडी पावसाळाभर पडवीत उभी होती आणि टाकी अर्धी रिकामी. आपली किनाऱ्यावरची हवा दमट. रिकाम्या जागेतली ही हवा रात्री गार झाली, की टाकीच्या पत्र्यावर आतून पाण्याचे थेंब धरतात. थेंबांनी पत्रा गंजतो आणि तो गंज फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

मग सपाटीवर गाडी बरी कशी चालली? चला, थोडं गणित करू. ७५ किलो वजन एका सेकंदात १ मीटर वर उचलायला एक अश्वशक्ती लागते. गाडी आणि माणसं मिळून १००० किलो धरा. रस्ता दर १० मीटरला १ मीटर चढतोय आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. याचा अर्थ गाडी दर सेकंदाला १ मीटर वर उचलली जातेय! १००० भागिले ७५, म्हणजे १३ पेक्षा जास्त अश्वशक्ती, आणि ती फक्त वर चढायला. सपाटीवर एवढी ताकद लागतच नाही. तिथे बुजलेल्या फिल्टरमधून झिरपणारं थोडं पेट्रोल पुरतं. चढावर भूक वाढते आणि ताटात तेवढंच! आपल्याच जिल्ह्यातल्या कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात, ती याचसाठी. बोरघाटात रेल्वे दर ३७ मीटरला १ मीटर चढते. एवढा चढसुद्धा रेल्वेला भारी पडतो.

काकांनी टाकी उतरवून धुतली आणि मगच नवा फिल्टर बसवला. "टाकी तशीच ठेवली तर नवा फिल्टरही महिन्यात बुजेल," ते म्हणाले. क्लचच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नव्हता.

पुढच्या शनिवारी खिंड आम्ही तिसऱ्या गिअरवर चढलो. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही पेणला हजर! बक्षीस दुसरं मिळालं. परतताना तीच मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हांला सांगता, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. मग तुम्ही लगेच क्लच कसं म्हणालात?"

काय उत्तर देणार? कान पकडले!

करून पाहा: शहाळं पिताना स्ट्रॉ मध्येच चिमटीत दाबा. सावकाश प्यायलात तर पाणी येत राहील. आता जरा जोरात ओढून बघा. काय होतं? आमची गाडी खिंडीत का दमली, ते तुम्हांला लगेच कळेल. पेट्रोल आणि तापलेलं इंजिन यांपासून मात्र लांबच राहा हं!