पडदा सरकलेला डोळा आणि नेत्रदाब

डोळा दुखत नाही, लाल नाही, दाबही वाढलेला नाही. तेव्हा तूर्त त्रिफळा घृत देऊन पाहू, असा विचार अनेक चिकित्सालयांत सहज केला जातो. दृष्टिपटल विलग झालेल्या, लोकभाषेत ‘पडदा सरकलेल्या’, रुग्णाच्या बाबतीत तो घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वस्थ नेत्राचा दाब साधारणतः १० ते २१ मि.मी. पारा असतो. दृष्टिपटलास छिद्र पडून ते सुटू लागले, की डोळ्यातील द्रव त्या वाटे पटलामागे शिरतो आणि तेथे शोषला जातो. परिणामी त्या डोळ्याचा दाब बहुधा उतरतो. म्हणून दोन्ही डोळे मोजावेत. एकात १६ व दुसऱ्यात १० असेल, तर दोन्ही आकडे प्राकृत असूनही त्यांतील अंतर बोलके असते. अर्थात दाब सारखा भरला म्हणून पडदा शाबूत, असेही नव्हे.

क्वचित उलटेही घडते. पडदा सरकून दाब वाढलेले रुग्ण श्वार्ट्झ यांनी १९७३ मध्ये वर्णिले. प्रकाशग्राही पेशींचे तुकडे पुढे येऊन द्रवनिर्गमाची जाळी रोधतात, असा खुलासा पुढे झाला. अशा रुग्णास काचबिंदूचे थेंब मिळतात आणि मूळ व्याधी झाकलेलीच राहते.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात तिमिराच्या वर्णनात माशा, डास, केस, जाळे यांचे भास सांगितले आहेत. प्रत्येक तिमिर म्हणजे पडदा सरकणे नव्हे. परंतु हे भास अकस्मात वाढले, सोबत विजेसारखी चमक वा कडेने काळी सावली आली, तर घृतपानाचा विचार नंतर. रिसोड-मानोऱ्याकडील रुग्ण ‘सोयाबीन निघू द्या, मग अकोल्याला जाऊ’ म्हणतो. पटलाचा मध्यभाग शाबूत असेतो शस्त्रकर्म झाले तर दृष्टी राखण्याची आशा मोठी. तो सुटल्यावर ती विलंबागणिक घटते. हे त्याला आपणच सांगायचे, कारण तो प्रथम आपल्याकडे येतो.

औषधालयचालकांसाठीही दोन शब्द. शस्त्रकर्मानंतर डोळ्यात भरलेला वायू, सिलिकॉन तेल किंवा स्टेरॉइडचे थेंब यांमुळे दाब चढू शकतो. जुनी चिठ्ठी पाहून ते थेंब पुन्हा देऊ नयेत. तर्पण-नस्यही शल्यचिकित्सकाच्या अनुमतीवाचून नको. वायू असेतो विमानप्रवास वर्ज्य, हे मुलाकडे विमानाने निघालेल्या आजोबांना कुणी सांगितलेले नसते. आणि असा रुग्ण डोळा ठणकतो, मळमळते म्हणत आला, तर पित्ताची पुडी न देता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावा.