‘स्रोत नाहीत’ म्हणण्याआधी

नव्या पानांच्या यादीत चार ओळींचे एक पान दिसते. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यातल्या एका घुमटवादकाचे. ‘परिसरात सुपरिचित’, ‘अनेक पुरस्कारांनी सन्मानित’, आणि संदर्भ म्हणून खाली यूट्यूबवरची एक चित्रफीत व गावातल्याच कुणाची तरी फेसबुक पोस्ट. मराठी विकिपीडियावर गस्त घालणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने असे पान पाहिलेले आहे. वादक बदलतो, तालुका बदलतो, एवढेच. पान काढायचे की ठेवायचे?

काढणाऱ्याला पाच मिनिटे पुरतात. नाव गूगलमध्ये टाकायचे, काही हाती लागले नाही की उल्लेखनीयतेचा साचा डकवायचा आणि पुढच्या पानाकडे वळायचे. ठेवणाऱ्याला तेवढीही लागत नाहीत: ‘आपला माणूस आहे, राहू द्या.’ दोघेही सारखेच आळशी. तरी या अंकात बोलायचे आहे ते पहिल्याच्या आळसाबद्दल, कारण तो नियमावर बोट ठेवून येतो आणि म्हणून कुणी त्याला जाब विचारत नाही.

नियमाशी आमचे भांडण नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी चरित्रकोशाचे तीन खंड केले, त्याआधी केतकरांनी ज्ञानकोश काढला. तिथे कुणाला घ्यायचे हे संपादक ठरवी आणि वगळलेल्यांच्या शिव्याही तोच खाई. ऑनलाइन ज्ञानकोशात असा धनी नाही. नोंद लिहिणाऱ्याला ताल कळतो की नाही, हेही आपल्याला ठाऊक नसते. म्हणून आपण विचारतो, की या कलावंताशी ज्यांचा घरोबा किंवा व्यवहार नाही, अशा कुणी त्याच्याविषयी सविस्तर आणि जबाबदारीने कुठे लिहिले आहे का? तो चांगला वाजवतो की नाही, हा प्रश्न आपल्यापुढे कधीच नसतो. जागेची ददात नसताना इतकी काटेकोरी कशाला, असे नवे सदस्य नेहमी विचारतात. हयात माणसाच्या पानावर लक्ष ठेवायला हात लागतात, आणि ते मोजकेच आहेत, हे त्याचे उत्तर. कुणी येऊन त्या पानावर जात लिहिते, कुणी खोटे वय, कुणी भावकीतल्या वादाचा सूड उगवते. आणि ज्याच्याबद्दल हे लिहिले जाते, त्याच्या वाडीवर धड नेटवर्कही नसते.

घुमटाचेच उदाहरण घ्या. मातीच्या घटाच्या रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवत. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला तो या पेचातून वाट काढूनच, आणि आता बकऱ्याचे कातडे चालते. अशा वेळी एखाद्या उत्साही सदस्याने वादकाचे नाव, गाव आणि आजोबांच्या काळातल्या घुमटासह फोटो चढवला, तर आपण सन्मान केला की वनखात्याच्या हाती पुरावा दिला? तेही काळी व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या गावात! चरित्रपानाचा उंबरठा उंच ठेवण्यामागे ही काळजीही आहे.

मात्र नियम ‘स्वतंत्र स्रोत आहेत का’ असे विचारतो. ‘तुम्हाला मराठीत पहिल्या पानावर सापडले का’ असे तो विचारत नाही. आणि जोयड्याच्या बाबतीत या दोन प्रश्नांत घाट आडवा येतो.

हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने कागद मुंबईच्या कारभारातले: १८८३ चे कानडा जिल्ह्याचे गॅझेटियर मुंबई इलाख्याच्या मालिकेतलेच आहे. नंतरचे सगळे कन्नडमध्ये, बंगळूर आणि धारवाडकडे. घरची बोली कोकणी, बाजाराची मराठी, शाळेची बव्हंशी कन्नड. खुद्द कोकणी अनेक लिप्यांत छापली जाते. एका कलावंतावरची चार कात्रणे चार ठिकाणी पडलेली असू शकतात: कारवारच्या कन्नड दैनिकात, बेळगावच्या ‘तरुण भारत’मध्ये, पणजीच्या एखाद्या कोकणी नियतकालिकात आणि धारवाडच्या एखाद्या प्रबंधाच्या परिशिष्टात. यातले एकच दालन उघडून ‘रिकामे आहे’ म्हणणे म्हणजे शोध नव्हे.

गावाच्या नावाचाही घोळ आहे. तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले. म्हणजे आधीच्या मजकुरात ‘जोयडा’ शोधून उपयोग नाही. विस्थापितांपैकी अनेकजण रामनगरला वसले. आता ‘रामनगर’ आणि ‘जानपद’ हे शब्द कन्नडमध्ये एकत्र शोधले की आपण थेट बंगळूरजवळच्या रामनगरातल्या ‘जानपद लोक’ या लोककला-संग्रहालयाला जाऊन पोचतो, आणि जोयड्याचे रामनगर दहाव्या पानावरही येत नाही. आडनावे तर विचारूच नका. वेळीप, वेळिप, वेलिप, वेळिपा – माणूस एकच.

आणि कधी कधी स्रोत असतो, पण भलत्याच कप्प्यात. जोयड्याच्या महादेव वेळीप यांची ओळख जंगलाचे जाणकार अशी, तशीच कुणबी लोकगीतांचे गायक अशीही आहे. २०२१ चा कर्नाटक राज्योत्सव पुरस्कार त्यांना मिळाला तो पर्यावरण विभागात. संगीताच्या यादीत त्यांचे नाव शोधणाऱ्याला ते सापडणार नाही, आणि पर्यावरणाच्या बातमीत गाण्याला एखादेच वाक्य मिळाले असेल. ज्या समाजात पेरणी, जंगल आणि गाणे वेगळे काढता येत नाही, तिथे आपले ‘संगीतकार’ हे वर्गीकरणच तोकडे पडते. त्याच जिल्ह्यातल्या अंकोल्याच्या हालक्की गायिका सुक्री बोम्मगौडा यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली; त्यानंतर त्यांच्या पानावर वाद घालायला कुणाची हिंमत झाली नसती. पण पद्मश्रीपर्यंत थांबायचे असेल तर आपली गरजच काय? पुरस्कारांची यादी सरकार छापतेच.

इंग्रजी विकिपीडियाचे संगीतकारांसाठीचे निकष जसेच्या तसे उचलण्याची खोडही मोडायला हवी. गाणे विक्रीच्या यादीत चढले का, ध्वनिमुद्रिकेला सुवर्ण दर्जा मिळाला का, मोठ्या कंपनीकडून दोन अल्बम निघाले का – जोयड्यातल्या कुंभारवाड्याच्या मांडावर, म्हणजे गावच्या सणाच्या जागेवर, शिगम्याला वाजवणाऱ्याला हे विचारणे हास्यास्पद आहे. त्याला समांतर असे इकडे काय आहे? कर्नाटक जानपद अकादमीचा वार्षिक पुरस्कार हा एक ठोस आधार; तिथे निवड बाहेरच्यांनी केलेली असते. कुमट्याचे डॉ. एल. आर. हेगडे, होन्नावरचे डॉ. एन. आर. नायक यांच्यासारख्यांनी या जिल्ह्याचे लोकसाहित्य आयुष्यभर गोळा केले; अशा संकलनात गायिकेचे नाव, गाव आणि तिच्याविषयी परिच्छेदभर माहिती असेल, तर तो स्रोत दहा वृत्तवाहिन्यांपेक्षा वजनदार. आकाशवाणीची श्रेणी मात्र जपून वापरावी. बी, बी-हाय, ए या पायऱ्या ध्वनिचाचणीतून मिळतात, म्हणून त्या गुणवत्तेचा दाखला आहेत. पण कुणी त्या कलावंतावर लिहिले, असे त्यातून सिद्ध होत नाही.

कात्रणेही वाचायला शिकले पाहिजे. ‘उद्या सायंकाळी सात वाजता’ ही जाहिरात झाली. ‘अमुक आणि साथीदारांनी रंगत आणली’ यात अमुकबद्दल काहीच नाही. ‘जन्म, बालपण, खडतर प्रवास, मान्यवरांची उपस्थिती’ असा मजकूर तीन दैनिकांत शब्दशः सारखा आला असेल, तर तो एकाच पत्रकावरून उतरवलेला आहे. तीन स्रोत नव्हेत, एकही नव्हे. उलट वार्ताहराने घरी जाऊन, वाद्य कोणाकडून शिकला, कोणत्या सणाला काय वाजवतो, शेजारच्या गावचा ठेका वेगळा कसा, हे विचारून लिहिलेले अर्धे पान मिळाले, तर अशी दोनच पाने नोंदीला पुरावीत, असे आमचे मत आहे. मराठीत आपण आकड्यावर फार जातो.

आणि ही सगळी दालने पाहूनही काही नसेल तर? तर स्वतंत्र पान नको, हे स्पष्टच सांगतो. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी मौखिक संदर्भांचा प्रयोग केला, मुलाखतीच स्रोत म्हणून वापरून पाहिल्या. विचाराला चालना मिळाली, पण नियम तेवढ्याने बदलला नाही. तोवर ‘घुमट’ किंवा सिद्दींच्या ‘दमाम’वर भरीव पान लिहा. व्यक्तीवर नसले तरी वाद्यावर, सणावर, समाजावर लिहिलेले बरेच मिळते, आणि त्या पानात वादकाचे नाव एका संदर्भासह सन्मानाने बसते. विकिडेटावर त्याचा घटक करता येतो. तिथला उंबरठा बुटका आहे. कॉमन्सवर ध्वनिमुद्रण चढवता येते, मात्र आधी त्याला त्याच्या बोलीत नीट समजवा, की या परवान्याखाली कुणीही हे गाणे विकूही शकतो आणि दिलेली परवानगी मागे घेता येत नाही. हे ऐकून तो ‘नाका’ (नको) म्हणाला, तर रेकॉर्डर बंद करायचा. मांडावर ठरावीक दिवसांतच म्हणायची गाणी असतील तर एकट्याचा होकारही पुरत नाही, गावकऱ्यांनाही विचारावे लागते.

ज्यांना लिहायची हौस आहे त्यांनी आधी छापील लेख लिहावा, तारीख, ठिकाण, मुलाखत यांसह. दैनिकाची रविवार पुरवणी, जिल्ह्याचा दिवाळी अंक, आमचे मासिक, कुठेही. मग नोंद दुसऱ्याला लिहू द्यावी. स्वतःच स्रोत निर्माण करून स्वतःच तो उद्धृत करणे यात हितसंबंध येतो. विकिपीडियावरून दैनिकाने उचलायचे आणि त्याच दैनिकाचा संदर्भ विकिपीडियाने द्यायचा, हे चक्र तर आपल्याकडे आधीच फिरते आहे.

गस्तीवरच्या सदस्यांना एक सूचना. अशा पानाला यापुढे साचा लावाल तेव्हा चर्चापानावर तीन ओळी लिहा: कोणकोणत्या भाषांत आणि लिप्यांत शोधले, नावाची कोणती रूपे घेतली, सुपा आणि जोयडा दोन्ही पाहिले का. कन्नड येत नसेल तर तसे लिहा आणि कन्नड विकिपीडियाच्या चावडीवर विचारा. तिथले लोक मदत करतात. या तीन ओळी नसतील, तर दुसऱ्या सदस्याने तो साचा बिनदिक्कत काढावा.