लंडनचा महापौर आणि दुसरें मत

नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला कीं, "सर, लंडनच्या महापौराला तेथील लोक स्वतः निवडतात, मग आपल्या मुंबईच्या महापौराला आपण कां निवडीत नाहीं?" तास संपावयास पांच मिनिटें उरलीं होतीं. आम्हीं त्या वेळीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें, हें आम्ही जाणून आहों. तो विद्यार्थी आतां शाळा सोडून गेला आहे. परंतु शिक्षकाचें अपुरें उत्तर हें एक प्रकारचें ऋणच होय, आणि तें फेडावयास ह्या वार्षिक अंकाइतकी योग्य जागा दुसरी नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लंडनांत मेयर दोन आहेत. शहराच्या मध्यभागीं सुमारें एक चौरस मैलाची जी जुनी नगरी आहे, तिचा 'लॉर्ड मेयर' हा बाराव्या शतकापासून चालत आलेला मानाचा अधिकारी होय. त्याचा पोशाख व मिरवणूक पाहण्यास दरवर्षीं गर्दी जमते. पण सुमारें ८८ लक्ष वस्तीच्या महानगराचा कारभार त्याच्या हातीं नाहीं. तो ज्याच्या हातीं आहे तो महापौर अगदीं अलीकडचा आहे. त्याचें पद इ. स. २००० सालीं निर्माण झालें.

हें पद कां निर्माण झालें, ह्याची हकीकत बोधप्रद आहे. १९६५ पासून सगळ्या लंडनची मिळून 'ग्रेटर लंडन कौन्सिल' नांवाची एक सभा होती. तिची कचेरी थेम्स नदीच्या एका तीरावर, तर पार्लमेंट पलीकडच्या तीरावर. १९८१ सालीं केन लिव्हिंग्स्टन हे ह्या सभेचे पुढारी झाले. त्या वेळीं बेकारी वाढत होती. सभेनें आपल्या कचेरीच्या छपरावर शहरांतील बेकारांची संख्या मोठ्या आंकड्यांत लावली, कीं ती पलीकडच्या कांठावरून पार्लमेंटाच्या सभासदांस रोज दिसावी. पंतप्रधान मार्गरेट थॅचर ह्यांच्या सरकारनें कायदा करून १९८६ च्या एप्रिलपासून ती सभाच मोडून टाकली. पुढें तिच्या त्या भव्य इमारतींत उपाहारगृहें झालीं व मत्स्यालय झालें. चौदा वर्षें जगांतील ही एक अग्रगण्य राजधानी स्वतःच्या नगरशासनावांचून राहिली. बत्तीस 'बरो' आपापल्या हद्दींत कारभार पाहत. पण सर्व शहराच्या वतीनें बोलेल असें कोणीच नव्हतें.

१९९८ सालीं लोकांचा कौल घेण्यांत आला. मत देणाऱ्यांपैकीं शेंकडा ७२ जणांनीं महापौर हवा असें सांगितलें. पण मत द्यावयास आले किती? शेंकडा ३४ च्या सुमारास! ही दुसरी संख्या वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे. २००० सालच्या मे महिन्यांत पहिली निवडणूक झाली. मजूर पक्षानें लिव्हिंग्स्टन ह्यांस उमेदवारी नाकारली होती; ते स्वतंत्रपणें उभे राहिले आणि निवडून आले. ज्यांची सभा सरकारनें मोडली, त्यांनाच लोकांनीं त्या शहराच्या प्रमुखपदीं बसविलें. वरून काढून घेतलेली सत्ता खालून परत येऊं शकते, हें ह्या एका निवडणुकीनें दाखविलें.

हें पद नुसतें शोभेचें नाहीं. भुयारी रेल्वे, बसगाड्या, मोठे रस्ते, पोलिसांच्या कामावरील देखरेख, आगीचे बंब, शहराची रचना आणि घरबांधणीचें धोरण, इतक्या गोष्टी त्या एका माणसाच्या हातीं येतात. आणि त्याला जाब विचारण्यास पंचवीस सभासदांची एक सभा असते. २००३ च्या फेब्रुवारींत लिव्हिंग्स्टन ह्यांनीं शहराच्या मध्यभागीं मोटार आणणाऱ्यावर दिवसास ५ पौंडांचा आकार बसविला. २०२३ च्या ऑगस्टांत आजचे महापौर सादिक खान ह्यांनीं जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांवरील १२ पौंड ५० पेन्सांचा दैनिक आकार सर्व बत्तीस बरोंत लागू केला. त्यावर मोठें वादळ उठलें. ज्यांची रोजची भाकर जुन्या गाडीवर चालते, त्यांची तक्रार खोटी म्हणतां येणार नाहीं. पण त्याच शहरांत २०१३ सालीं नऊ वर्षांची एक मुलगी दम्यानें वारली. आणि तिच्या मरणास दूषित हवा हेंही एक कारण झालें, असा निर्णय २०२० सालीं चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें लेखी नमूद केला. महापौर कोण व्हावा, हा प्रश्न असा लेंकराच्या श्वासापर्यंत जाऊन पोहोंचतो.

आतां आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतों. २००० पासून २०२१ पर्यंतच्या सहाही निवडणुकांत लंडनच्या मतदारास दोन मतें असत: एक पहिल्या पसंतीचें, दुसरें दुसऱ्या पसंतीचें. ह्याचा अर्थ मुलांस असा समजावून देतां येईल. समजा, वर्गांत चाळीस मुलें आहेत व वर्गनायकाच्या जागेसाठीं चौघे उभे आहेत. त्यांस अनुक्रमें १४, ११, ९ आणि ६ मतें पडलीं. नेहमींच्या रीतीनें चौदावाला निवडून आला. पण सव्वीस मुलांस तो नको होता! लंडनच्या रीतीनें पहिले दोघे राहतात, बाकीचे दोघे गळतात, आणि गळलेल्यांच्या पंधरा मतपत्रिका पुन्हां उघडून त्यांवरील दुसरी पसंती पाहतात. समजा, त्यांतील तिघांनीं चौदावाल्यास, नऊ जणांनीं अकरावाल्यास, आणि उरलेल्या तिघांनीं गळलेल्यांपैकींच एकास दुसरें मत दिलें आहे. तीं शेवटचीं तीन मतें वायां गेलीं. आतां बेरीज करा: एकास सतरा, दुसऱ्यास वीस. अकरावाला जिंकला, कारण ज्यांचा तो पहिला आवडता नव्हता, त्यांनाही तो चालण्यासारखा होता.

हें 'चालण्यासारखें असणें' आम्हांस फार मोलाचें वाटतें. ज्यास दुसरीं मतें हवीं आहेत, त्यास विरोधकाच्या मित्रांच्याही दारीं जावें लागतें, आणि दारीं जावयाचें म्हणजे त्यांच्याविषयीं बरें बोलावें लागतें.

२०१६ सालीं ह्याची कसोटी लागली. त्या वर्षीं बारा उमेदवार होते. मुख्य सामना मजूर पक्षाचे सादिक खान व हुजूर पक्षाचे झॅक गोल्डस्मिथ ह्यांच्यांत होता. खान हे पाकिस्तानांतून आलेल्या एका बसचालकाचे पुत्र. आई शिवणकाम करी. गोल्डस्मिथ हे एका अतिधनाढ्य घराण्यांतील. घराणें हा कोणाचा दोष नव्हे, व गुणही नव्हे. पण प्रचारांत खान ह्यांच्या धर्मावरून शंकेची राळ उडविण्यांत आली. इतकी, कीं गोल्डस्मिथ ह्यांच्याच पक्षाचे नगरसभेंतील सभासद अँड्र्यू बॉफ ह्यांनीं त्याचा उघड निषेध केला. आणि येथें आपला संबंध येतो. लंडनांतील भारतीय वंशाच्या मतदारांस त्या पक्षाकडून निराळीं पत्रें गेलीं. खान निवडून आले तर तुमच्या घरच्या दागिन्यांवर कर बसेल, अशी भीति त्यांत घातलेली होती. घराण्याचें सोनें हें आपल्या लोकांचें मर्मस्थान आहे, हें कोणीतरी नीट हेरलें होतें! ज्यास पत्र आलें, तो लंडनचा नागरिक म्हणून नव्हे. अमक्या समाजाचा म्हणून. त्यास रस्ते, रेल्वे, घरभाडें ह्यांविषयीं कांहीं मत असेल, हें पत्र लिहिणाऱ्याच्या मनांतच आलें नाहीं. आम्हांस हा मतदाराचा अपमान वाटतो. आणि भीति घालून मत मागण्याची ही रीत आपल्या देशांतही अपरिचित नाहीं, हें कबूल करणें प्राप्त आहे.

निकाल काय लागला? पहिल्या पसंतीचीं मतें खान ह्यांस ११,४८,७१६ व गोल्डस्मिथ ह्यांस ९,०९,७५५ पडलीं. दुसऱ्या पसंतीचीं मात्र खान ह्यांस १,६१,४२७ आणि गोल्डस्मिथ ह्यांस ८४,८५९. म्हणजे तटस्थ मतदारांनीं एकाकडे दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट मतें टाकलीं. ह्याचें सर्व श्रेय वा सर्व दोष त्या पत्रांस देणें न्यायाचें होणार नाहीं. पण ज्यानें मनें दुखविलीं त्यास दुसरीं मतें थोडीं मिळालीं, एवढें आंकडेच सांगतात. ७ मे रोजीं खान ह्यांनीं शपथविधीसाठीं सदर्क येथील ख्रिस्ती कॅथीड्रल निवडलें. मुसलमान महापौर, ख्रिस्ती मंदिर, आणि समोर नाना धर्मांचे नगरवासी! ह्या प्रसंगाविषयीं आमच्यासारख्या मिशनच्या शाळेंत वाढलेल्या माणसास विशेष आनंद वाटला, तर वाचकांनीं तो क्षम्य मानावा.

ही दोन मतांची पद्धति २०२२ च्या निवडणूक कायद्यानें रद्द झाली. २०२४ सालीं सादिक खान तिसऱ्यांदा निवडून आले ते शेंकडा ४३.८ मतांवर, त्यांचा विजय कायदेशीर, पण अर्ध्याहून अधिक मतदारांचें दुसरें म्हणणें कोणी विचारलेंच नाहीं. पद्धतीविरुद्ध दोन आक्षेप होते. पहिला, दुसऱ्या मतांनीं निकाल एकदांही फिरला नाहीं. हें खरें आहे. सहाही वेळां पहिल्या मोजणींत पुढें असलेलाच जिंकला. पण कुंपणाची किंमत आंत शिरलेल्या गुरांवरून करीत नाहींत. दुसरा आक्षेप, मतदार गोंधळतात. हेंही खरें आहे: २०२१ सालीं वीस उमेदवारांचीं नांवें दोन रकान्यांत छापलीं गेलीं, आणि एक लक्ष चौदा हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या. पण प्रश्नपत्रिका वाईट निघाली म्हणून कोणी विषय बंद करीत नाहीं, प्रश्नपत्रिका सुधारतात. २०२५ च्या जुलैंत ब्रिटिश सरकारनें पार्लमेंटांत मांडलेल्या विधेयकांत महापौरांसाठीं ही पद्धति परत आणण्याची तरतूद होती, हें आम्हांस शुभचिन्ह वाटतें.

आतां त्या विद्यार्थ्याचें उत्तर. मुंबईचा महापौर नगरसेवक आपल्यांतून अडीच वर्षांसाठीं निवडतात. खरा कारभार १८८८ च्या कायद्यापासून आयुक्ताच्या हातीं आहे, आणि आयुक्तास राज्यसरकार नेमतें. दिल्लीचा महापौर तर एकाच वर्षाचा. आणि तेवढ्यासाठीं २०२३ च्या आरंभीं तीन सभा गोंधळांत मोडल्या, व सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिल्यावर चौथ्या सभेंत निवड झाली. तेव्हां, बाळा, नुसती निवड थेट केल्यानें भागणार नाहीं. ज्यास निवडावयाचें त्याच्या हातीं कांहीं सोंपविलें पाहिजे. अधिकारावांचून थेट निवडलेला महापौर म्हणजे किल्ल्यांवांचून नेमलेला कोठावळा. अधिकार आयुक्ताकडून महापौराकडे यावा, त्यास जाब विचारणारी सभा जागी असावी, आणि निवड दोन पसंतींची असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शेवटीं ती शेंकडा ३४ ची संख्या. २००० च्या पहिल्या निवडणुकींतही साधारण तितकेच लोक आले; २०१६ सालीं ४५; २०२४ सालीं ४० च्या वर थोडे. चौदा वर्षें जें नव्हतें तें मिळालें, आणि अर्ध्याहून अधिक लोक घरींच बसले! लंडनांत कायदेशीर वास्तव्य करणाऱ्या भारतीय नागरिकास राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ह्या निवडणुकींत मताचा हक्क आहे. आमचे कांहीं माजी विद्यार्थी तेथें शिकत आहेत. त्यांनीं आपलीं नांवें यादींत घातलीं आहेत ना, हें आम्ही ह्या लेखाच्या द्वारें विचारीत आहों. आणि जे येथेंच आहेत, त्यांस एकच सांगणें. आपल्या मतपत्रिकेवर दुसरी पसंती छापलेली नसली, तरी मत देण्यापूर्वीं एक प्रश्न मनाशीं करावा: माझा उमेदवार माझ्या शेजाऱ्यास निदान चालण्यासारखा आहे काय? तो शेजारी दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा असला, तर हा प्रश्न दोनदां करावा.