पलटण गेली, स्पर्धा थांबली

भारत-पाकिस्तान संघर्षाच्या पार्श्वभूमीवर ९ मे २०२५ रोजी आयपीएल स्थगित झाली आणि १७ मे रोजी पुन्हा सुरूही झाली. प्रक्षेपणाचे करार आणि फ्रँचायझींची गुंतवणूक पाहता यात नवल नव्हते. युद्ध आले की खेळ थांबतो, हे सर्वज्ञात आहे. तो किती काळ थांबतो, हे मात्र स्पर्धा कोणाच्या जिवावर चालते यावर ठरते. महाराष्ट्रातील फुटबॉलला हा अनुभव शंभर वर्षांपूर्वीच आला होता.

त्या काळी देशात राष्ट्रीय लीग नव्हती. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेला रोव्हर्स करंडक, सिमल्याचा ड्युरँड आणि कलकत्त्याची आयएफए शील्ड याच प्रमुख स्पर्धा होत्या. रोव्हर्सच्या विजेत्यांच्या यादीत १९३७ पर्यंत एकही भारतीय संघ आढळत नाही. ती ब्रिटिश पलटणींची यादी आहे. खेळाडूंचा पगार, सराव, प्रवास हे सारे लष्कराच्या खर्चाने होत असे. १९१३ चा हंगाम संपला तेव्हा पुढचा हंगाम आठ वर्षांनी होणार आहे, याची कल्पना कोणालाही असण्याचे कारण नव्हते.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि काही आठवड्यांतच छावण्या रिकाम्या होऊ लागल्या. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील डॉर्सेटशायर रेजिमेंटची दुसरी बटालियन पुण्यात, तर नॉरफोकची बेळगावात होती. डिव्हिजनच्या आघाडीच्या तुकड्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इराणच्या आखातातील फाव येथे उतरल्या. त्यांत ११७ वी मराठा पलटणही होती. मराठा पलटणींची भरती ज्या मावळ-कोकण पट्ट्यातून होत असे, त्यातच भोर आणि वेल्ह्याची खोरी येतात. करंडकाशी या मुलखाचा काही संबंध नव्हता. करंडक ज्या युद्धाने थांबवला, त्याच्याशी होता. पुढे कूटच्या वेढ्यात हीच डिव्हिजन अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार सैनिकांसह शरण गेली. कैदेत पडलेल्या ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परतले नाहीत. डॉर्सेट आणि नॉरफोक यांच्या कुमकेसाठी आलेल्या जवानांची तर एकच मिश्र बटालियन करावी लागली. तिला 'नॉरसेट' म्हणत. मूळ पलटणीच उरल्या नव्हत्या, तिथे संघ कोठून उतरणार? रोव्हर्स १९२१ मध्येच पुन्हा सुरू झाली.

कलकत्त्यात वेगळे घडले. तेथे नागरी क्लब रुजलेले होते. त्यामुळे शील्ड युद्धातही चालू राहिली आणि १९१५ मध्ये ती कलकत्ता फुटबॉल क्लबने जिंकली. दुसऱ्या महायुद्धात या फरकाचा पुनःप्रत्यय आला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने रोव्हर्स जिंकल्यानंतर भारतीय क्लबांचा वावर वाढला होता. १९४० मध्ये ती मोहम्मेडन स्पोर्टिंगने पटकावली आणि युद्धकाळातही स्पर्धा सुरू राहिली. लष्कराच्या हाती असलेली ड्युरँड मात्र १९४१ ते १९४९ अशी नऊ वर्षे बंद पडली. इंग्लंडमध्ये तर १९३९-४० ची लीग तीन फेऱ्यांतच गुंडाळली गेली. त्याच हंगामात इकडे प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी राखलाही.

म्हणूनच भारतीय फुटबॉलची अलीकडची अवस्था अधिक चिंताजनक आहे. इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम ११ जुलै २०२५ रोजी स्थगित करण्यात आला. कारण युद्धाचे नव्हते. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील मूळ हक्क कराराचे भवितव्य ठरत नव्हते. क्रिकेटची लीग प्रत्यक्ष संघर्षातून आठवड्याभरात सावरली. फुटबॉलच्या लीगचा मात्र २०२५ साल संपले तरी एकही सामना झाला नव्हता. क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, सराव बंद ठेवले. एके काळी सारी मदार पलटणीवर होती, आता ती एकाच करारावर आली होती.