हप्त्याची वाट पाहणारे आणखी कोणी आहे

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाइल येते. नाव असते ‘पीएम किसान लाभार्थी यादी’ किंवा ‘पीएम किसान केवायसी’, आणि नावाच्या शेवटी डॉट एपीके. पाठवणारा अनोळखी नसतो. शेजारच्या वस्तीवरचा कोणी, सोसायटीचा सचिव, कधी तर कृषी सहायकाचाच नंबर. पण फाइल त्यांनी पाठवलेली नसते. त्यांचा फोन आधीच याच फाइलने ताब्यात घेतलेला असतो आणि आता तो मालकाच्या नकळत प्रत्येक ग्रुपवर तीच फाइल टाकत सुटलेला असतो.

ती उघडली की काय होते, हे नीट समजून घ्या. एपीके ही यादी नसते, कागद नसतो, फोटोही नसतो. ती फोनमध्ये ॲप बसवण्याची फाइल असते. फोन सहसा एकदा इशारा देतो की हे ॲप अनोळखी ठिकाणचे आहे. आपण घाईत ‘चालेल’ दाबतो. मग ते ॲप मेसेज वाचण्याची परवानगी मागते. पडद्यावर योजनेसारखेच दिसणारे पान उघडते, आधार क्रमांक आणि बँकेचे नाव विचारले जाते, कधी ‘पडताळणीसाठी फक्त एक रुपया भरा’ असे सांगून कार्डाचा तपशील किंवा यूपीआय पिन टाकायला लावतात. एवढे झाले की बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तिथूनच परस्पर भामट्याकडे जातो. तुम्ही कोणाला ओटीपी सांगितलेला नसतो. म्हणूनच ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ ही जुनी सूचना आता अपुरी पडते.

फसवणूक शेतकऱ्याला नवी नाही. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्ष बागायतदारांना विचारा. बांधावर येऊन गोड बोलणारा, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देणारा आणि मोठा माल उचलून पसार होणारा व्यापारी जवळजवळ प्रत्येक हंगामात कुठे ना कुठे भेटतोच. पण त्या व्यापाऱ्याला निदान यावे तरी लागायचे. त्याचा चेहरा दहा जणांनी पाहिलेला असायचा, गाडीचा नंबर कोणाच्या तरी लक्षात असायचा, आणि एका हंगामात तो किती बागा फिरणार यालाही मर्यादा होती. इंटरनेटने नेमके हेच काढून टाकले. आता यायची गरज नाही, चेहरा दाखवायची नाही, आणि एका गावाला मेसेज पाठवायला लागतो तेवढाच खर्च हजार गावांना पाठवायला लागतो. हजारातले दोन फसले तरी धंदा नफ्यात. लोकसभेत दिलेल्या सरकारी माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातल्या नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले, तर २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट.

दुसरी गोष्ट माहितीची. पूर्वी भामट्याला तुमच्याबद्दल काही कळायला गावात कोणीतरी हाताशी धरावे लागे. आज पीएम किसानची गावनिहाय लाभार्थी यादी संकेतस्थळावर आहे, सातबारा मोबाइलवर पाहता येतो. ही पारदर्शकता आपण मागून घेतली आहे आणि ती हवीच. यादी उघडी असते म्हणून तर वगळलेले नाव लक्षात येते. पण तीच यादी भामट्यालाही वाचता येते. फोनवर तो तुमचे नाव, गाव आणि गट क्रमांक बिनचूक सांगतो तेव्हा ‘हा साहेबच असणार’ असे वाटणे स्वाभाविक आहे. समोरच्याला आपली माहिती आहे, हा तो सरकारी माणूस असल्याचा पुरावा नाही. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा, कारण त्यांच्या मनात या दोन गोष्टी अजून एकच आहेत.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. पीएम किसानचा १९ वा हप्ता २४ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. चार महिन्यांच्या हिशेबाने पुढचा जूनमध्ये अपेक्षित होता, तो आला २ ऑगस्टला. पेरणी, खते, मजुरी यांचा खर्च ऐन भरात असताना लोक रोज विचारत होते की पैसे कधी येणार. खरी तारीख कोणी सांगत नाही तेव्हा खोटी तारीख सांगणाऱ्याचे फावते. ‘केवायसी अपुरी म्हणून तुमचा हप्ता थांबला आहे’ हे वाक्य त्या दिवसांत कोणालाही खरे वाटले असते, कारण काही जणांचा हप्ता खरोखरच त्याच कारणाने थांबतो. शेतकरी ओळख क्रमांकाचेही तसेच. त्याच्याशी योजना जोडल्या गेल्याने ‘ओळख क्रमांक रद्द होणार’ ही धमकी चालून जाते. फसणाऱ्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. तो अडाणी नसतो, अडलेला असतो. सरकारने सावधगिरीचे आवाहन जरूर करावे, पण तारखा वेळेवर जाहीर केल्या तर निम्मे काम आपोआप होईल, असे मला वाटते.

सौर कृषी पंपाच्या बाबतीत रक्कम मोठी असते. ‘कुसुम’ योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालतात, याबद्दल केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनेकदा इशारे दिले आहेत. इथे भामट्याला फार खोटे बोलावे लागत नाही. आपल्या राज्यात सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा खरोखरच भरावा लागतो. तो फक्त एवढेच सांगतो की हा हिस्सा ‘या खात्यात’ भरा. खाते एखाद्या माणसाच्या नावाचे असेल, क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर आला असेल किंवा ‘आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर यादीतून नाव जाईल’ असे सांगितले असेल तर भरू नका. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट आयएन आहे का तेही पाहा. महावितरणसारख्या काही यंत्रणांचा पत्ता वेगळा असतो. शंका आली तर जवळच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन विचारा. एक फेरी वाया गेली तर गेली.

अंगठ्याचे काय? आधारवरून पैसे काढून देण्याच्या सोयीमुळे बँकेपासून लांब असलेल्या गावांची मोठी अडचण दूर झाली. पण जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून नकली अंगठे बनवल्याची प्रकरणे देशात उघड झाली आहेत. एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक कुलूप लावता येते. मात्र कुलूप असताना तुम्हालाही अंगठा लावून पैसे काढता येणार नाहीत; त्या वेळी ते थोड्या वेळापुरते उघडावे लागेल.

आता एक अवघड विषय, ज्यावर गावात कमी बोलले जाते. चोरलेले पैसे कुठेतरी जमा व्हावे लागतात. त्यासाठी खाती लागतात आणि ती बऱ्याचदा आपल्यासारख्यांच्याच घरातली असतात. ‘तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर दे, पाच-दहा हजार देतो’ असे सांगून कॉलेजातल्या पोरांना गाठले जाते. पोराला वाटते, माझे खाते तर रिकामेच आहे, जाणार काय? जाते ते नाव. तपास आधी खातेदाराच्या दारात येतो, खाते गोठते. ते खाते आईचे किंवा वडिलांचे असेल तर पीक कर्ज, विमा, अनुदान सगळे त्याच खात्यात अडकून बसते. घरात वापरात नसलेली खाती असतील तर ती बंद करून टाका.

फाइल उघडली गेलीच, तर पहिला तास मोलाचा. फोनचे इंटरनेट बंद करा, सिम काढून ठेवा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवा आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. ते मधल्या एखाद्या खात्यात असतानाच अडवता आले तर परत मिळण्याची शक्यता राहते. सिम पुन्हा टाकण्याआधी फोनमधले ते ॲप काढा. जमत नसेल तर फोन पूर्ण कोरा करून घ्या. तुमच्या नावाने ग्रुपवर फाइल गेली असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून ग्रुपला तसे कळवा. लाजेने गप्प राहिलात तर तुमच्या विश्वासावर पुढचा फसेल.

बँकेशी बोलताना हेही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि तुम्ही बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसानीचा भार तुमच्यावर पडत नाही. तुमच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर आहे. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले, त्यामुळे ‘आमच्या जिल्हा बँकेला हे लागू नाही’ असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नका. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. त्या कागदावर तारीखच नव्हे, वेळही लिहून घ्या.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. तुमच्या ग्रुपवर शेतकरी डोळे झाकून विश्वास ठेवतात. म्हणून ग्रुपवर एकदा स्पष्ट लिहा की या ग्रुपवर ॲपची फाइल कधीही पाठवली जाणार नाही, माझ्या नंबरवरून आली तरी उघडू नका. मेसेज टाकण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा. दोन ॲडमिन असू द्या, म्हणजे एकाचा फोन हातातून गेला तर दुसरा त्याला लगेच ग्रुपमधून काढू शकेल. आणि हप्ता लांबला तर ‘अजून तारीख जाहीर झालेली नाही’ एवढे तरी दर आठवड्याला टाकत जा.