घरात आलेलं कॉलेज

कोरोनाचा विषय काढला की हल्ली कुणी ऐकून घेत नाही. ‘झालं गेलं, सोडा ना मॅडम,’ म्हणतात. खरंच आहे. त्या दिवसांत घराघरांनी जे सोसलं, ते पुन्हा आठवायलाही नको वाटतं. पण त्यातली एक गोष्ट अजून संपलेली नाही आणि ती थेट आपल्या मुलींच्या शिक्षणाशी जोडलेली आहे. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, हिशोब मांडायची सवयच आहे. म्हणून त्या सेमिस्टरांचा एक हिशोब आज तुमच्यापुढे मांडते आहे.

मार्च २०२० च्या मध्यावर कॉलेजं बंद झाली, सेमिस्टर अर्धवट राहिलं. मग सुरू झाला परीक्षेचा घोळ. एप्रिलअखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलं, पहिल्या-दुसऱ्या वर्षाची परीक्षा घेणं शक्य नसेल, तर निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि निम्मे आधीच्या सेमिस्टरचे धरून मुलांना पुढच्या वर्गात घाला. पण अंतिम वर्षाचं काय? राज्य सरकार म्हणालं, परीक्षा नको. आयोग ६ जुलैला म्हणाला, सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याच. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला, की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. फार तर राज्यांनी आयोगाकडे तारीख वाढवून मागावी. शेवटी ऑक्टोबरमध्ये बहुतेक मुलामुलींनी घरात बसून, समोरच्या चार पर्यायांतला एक निवडत परीक्षा दिली.

एप्रिल ते ऑगस्ट, पाच महिने सगळी चर्चा परीक्षेची चालली होती. ही मुलगी अभ्यास करते कधी, कुठे बसून आणि कुणाच्या मोबाईलवर, हे कुणी विचारलं नाही.

आधी मोबाईलचं बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया होत्या ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. खेड्यांतल्या स्त्रियांचं प्रमाण तर २४.६ टक्के, म्हणजे चौघींत जेमतेम एक. आमच्या कॉलेजातल्या मुलींकडे स्वतःचा मोबाईल क्वचितच असायचा. घरात एकच मोठा मोबाईल, तो वडिलांबरोबर शेतावर किंवा दुकानावर जाणार. संध्याकाळी घरी आला की आधी भावाची शाळा, मग ताईचं कॉलेज. तोवर नेटपॅक संपलेला. माझ्या तासाला हजेरीच्या यादीत मुलींची नावं कमी दिसायची, पण रात्री साडेदहानंतर ‘मॅडम, आजच्या तासाचं काही पाठवाल का?’ असे निरोप यायचे. ते जवळजवळ सगळे मुलींचे असायचे.

तरी मोबाईल हा हिशोबाचा लहान आकडा. मोठा आकडा वेळेचा. लहान गावातल्या मुलीसाठी कॉलेज म्हणजे नुसती पुस्तकं नसतात. घराबाहेर पडायला सगळ्यांना मान्य असलेलं ते एकच कारण असतं. ‘कॉलेज आहे’ म्हटलं की सकाळी सातला डबा घेऊन निघता येतं. ‘हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत,’ म्हटलं की पाहुणे आले तरी कुणी थांबवत नाही. हजेरीचा नियम आम्हा शिक्षकांना कटकटीचा वाटतो, पण कितीतरी मुलींची ती ढाल असते.

कॉलेज घरात आलं आणि ती ढालच गेली. मुलगी घरातच आहे ना, मग भाकरी टाकायला काय हरकत? कानात इअरफोन आहे, हात तर मोकळे आहेत! तास चालू असताना मागून कुकरच्या शिट्ट्या, ‘अगं, दूध बघ’ अशा हाका ऐकू यायच्या. मुलग्यांच्या घरीही कुकर होतेच, पण ‘दूध बघ’ ही हाक त्यांना मारलेली मी तरी ऐकली नाही. यात आयांना दोष द्यायचा नाही. सगळं घर चोवीस तास घरात, कामं दुप्पट झालेली. त्या बाईने मदतीला कुणाला हाक मारायची?

एक गोष्ट मान्य करायला हवी. लग्न झालेल्या, पदरात लहान मूल असलेल्या काही जणींना त्या काळात घरबसल्या तास ऐकता आले. एरवी त्यांचं शिक्षण सुटलंच असतं. म्हणून ऑनलाईन शिक्षण वाईटच, असं मी म्हणणार नाही. पण त्यांनाही विचारलं, तर त्या सांगतात, ‘ऐकायला मिळालं मॅडम, वाचायला नाही मिळालं.’

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉलेजं पुन्हा उघडली. मुली येऊ लागल्या, तोच महिनाअखेरीस एसटीचा संप सुरू झाला. तो पूर्ण मिटायला एप्रिल २०२२ उजाडला. मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आले. मुलींना कुणाच्या मागे बसवून पाठवणार? दीड वर्ष घरात राहिलेली मुलगी आणखी सहा महिने घरात राहिली. त्यातल्या काहींची लग्नं ठरली. कॉलेजच्या कागदावर त्यांच्यापुढे ‘गैरहजर’ एवढीच नोंद आहे.

आता हे सगळं आज का सांगायचं? कारण महामारी सरली तरी घरबसल्या शिक्षण काही परत गेलेलं नाही. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाईन व्यवस्थेतून शिकायची मुभा दिली आहे. दुसरीकडे २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. चांगलंच झालं. पण फी माफ झाली म्हणून वेळ आणि जागा मिळत नाही. ती सरकारच्या आदेशात लिहून येत नाही.

उद्या पूर आला, साथ आली, कॉलेज पुन्हा बंद करायची वेळ आली, तर आधी परीक्षेचा वाद घालू नये. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना छापील नोट्स घरपोच द्याव्यात. नियम पाळून, थोड्या मुलींपुरती का होईना, वाचनालयाची खोली उघडी ठेवावी. हे कॉलेजांना जमण्यासारखं आहे, त्याला फार पैसाही लागत नाही. पालक सभेला जाल तेव्हा एवढं विचारून या.

आणि मैत्रिणींनो, एक काम आपलंच आहे. मुलीचा ऑनलाईन तास असेल तेव्हा ती घरात नाही असं धरा. गावाला गेली असती तर दूध कुणी बघितलं असतं? त्या दोन तासांत तिच्या भावाला हाक मारा. पहिले चार दिवस तो कुरकुर करेल, दूधही एखाद्या वेळी उतू जाईल. जाऊ द्या.